पेठांतल्या जुन्या वाड्यांचे फोटो काढायला टिल्ट-शिफ्ट लेन्स घ्यावी का?

घेऊ नका. कॅमेरा न वाकवता लेन्सच वर-खाली सरकवून उभ्या रेषा सरळ ठेवायची ती सोय. वाडे पडायच्या आत फोटो काढायचेत म्हणता, तर ते पैसे फेऱ्या मारण्यात घाला. उभ्या रेषा तिरक्या होऊ नयेत एवढंच असेल तर कॅमेरा वर वाकवू नका, लेव्हलला ठेवा आणि फोटोतली खालची जमीन नंतर कापा. बोळात मागे सरकायला जागा नसेल तर समोरच्या घराची माडी गाठा. चहाही मिळतो.

लेन्सपायी मी काय करून बसलो ते सांगतो.

नारायण पेठेत आमचं बिऱ्हाड होतं, भाड्याच्या दोन खोल्या, आजोबांपासूनच्या. 2005 साली वाडा बिल्डरला दिल्याचं कळलं. मी नुकतीच 20 मिमीची, खूप रुंद भाग टिपणारी लेन्स घेतली होती आणि डोक्यात विश्रामबागवाड्याचे कॅलेंडरछाप फोटो होते: कोरीव सज्जा, सुरूचे खांब, माणूस औषधालाही नाही. आमचा वाडा साधा. सागवानी खांब, मातीच्या भिंती, कोनाडे. पण हौस दांडगी. रविवारी सकाळी सातला सगळ्यांच्या सायकली बाहेर काढायला लावल्या, दांडीवरचे कपडे उतरवले, कोपऱ्यातली तुळशीची कुंडी उचलून चौकात मधोमध आणली. समोरच्या काकू म्हणाल्या, "लग्न आहे का रे कुणाचं?"

दादा टेप घेऊन उभा होता. जिन्याशेजारच्या भिंतीवर डांबराची एक आडवी रेघ होती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत घुसलं. आमच्याकडे ते कुठवर चढलं त्याची ती खूण, आजोबांनी स्वतः ओढलेली. दादा म्हणाला, मी टेप लावून धरतो, तू काढ. पण रेघेला चिकटूनच विजेचे मीटर, वायरींचा गुंता, पोपडे. मी म्हटलं, फ्रेमची घाण होते. भर चौकात भांडलो. तो टेप गुंडाळून निघून गेला.

2007 ला वाडा पाडला. तीन रोल, 108 फोटो. रेघ एकातही नाही.

तेव्हापासून दर गणपतीत तोच वाद. दादा म्हणतो पाणी जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत होतं, आत्या म्हणते माडीत गुडघाभर होतं. आजोबा नाहीत. माझी मुलगी फोटो बघून विचारते, "बाबा, तुम्ही पॅलेसमध्ये राहायचात?" जेमतेम बारा फुटांचा चौक तो! एवढ्या रुंद लेन्सने जवळून काढलं की पलीकडची भिंत शनिवारवाड्याइतकी लांब जाते. त्यात एका चुलतभावाने आठवणीने वाड्याचं चित्र काढून ग्रुपवर टाकलं. तुळस मधोमध. मी सांगितलं, अरे ती मीच तिथे ठेवली होती. तर म्हणे, "फोटोत दिसतेय की."

1838 साली दागेर या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालती माणसं, गाड्या सगळं नाहीसं झालं. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. त्याचा नाइलाज होता. मी मात्र माणसांना हात जोडून बाहेर काढलं.

तेव्हा 35 मिमीची लेन्स पुरे. कपडे, सायकली, मीटर, नावांच्या पाट्या असू द्या. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या फोटोंत मापासाठी खांबाशेजारी माणूस उभा केलेला दिसतो. तुम्हीही कुणाला तरी उभं करा, नाहीतर बादली ठेवा. कुठून काढला, कधी काढला, लगेच लिहून ठेवा. दर्शनी भाग सगळेच काढतात. मोरी, नळ, जिन्याची झिजलेली पायरी यांच्याकडे कुणी बघत नाही.

आणि दादाची बाजू घेतोय असं समजू नका. आईचा याशिका कॅमेरा कपाटात होता, आत रोलही होता. तू का नाही काढलास? रेघेचं एवढं होतं तर रुसून जायचं कशाला? निम्मा दोष त्याचा आहे, हे त्याने अजून कबूल केलेलं नाही.

हो, एखाद्या आर्किटेक्टला दर्शनी भागाचं बिनचूक काम करून द्यायचं असेल तर टिल्ट-शिफ्ट लागेल. ती दिवसाच्या भाड्याने मिळते. आणि मालक-भाडेकरू वाद कोर्टात असेल तर दोघांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका, दोन्हीकडून बोलणी बसतात.

रेघ अकराव्या पायरीला होती. नवव्या पायरीवर बसून पाढे म्हणायचो तेव्हा ती माझ्या कानाशी यायची.