अमेरिकेतल्या तलावांत बास (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडण्याच्या स्पर्धांमुळे मासे कमी होतात का?

सोडलेला प्रत्येक मासा जगतो, असं अजिबात समजू नका. 1972 पासून तिथल्या स्पर्धांत बास जिवंत सोडायची पद्धत रुजली, ती चांगलीच. पण भर उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना बोटीच्या टाकीत तासन्‌तास कोंडलेला मासा स्पर्धेच्या शेवटी वजन करून सोडला, की पोहत जातो आणि दोन-तीन दिवसांनी मरू शकतो. काठावरून ते दिसत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती वसंतातल्या विणीची. घरट्यावर पहारा नर देतो. त्याला गळाने उचललं, की ब्लूगिल मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. वजनकाट्यापाशी, घरट्यापासून लांब सोडलेला नर वेळेत परतणं कठीणच. निदान विणीच्या दिवसांत स्पर्धा नकोत. एरवी मासा मोजून, फोटो काढून जागेवरच सोडावा.