नराला बाप नसतो, आजोबा असतात

प्रश्न : आमच्याकडे सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. अकरावीतली मुलगी म्हणते, नरमाशीत कामकरीच्या निम्मीच गुणसूत्रं असतात. मग तो जगतो कसा?
– एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : मुलीचं अगदी बरोबर आहे. कामकरी आणि राणी द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच, एकूण 32. नर एकगुणित, म्हणजे एकच संच, 16. वर्गात शिकवताना मला हे उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटायचं, कारण माणसाच्या 46 आणि 23 वर पोरं घोकंपट्टी करतात, इथे मात्र पोळ्यातच दिसतं.

राणीचं अंडं तयार होताना 32 ची 16 होतात. पोळ्यातल्या मोठ्या घरात अंडं घालताना ती साठवलेले शुक्राणू सोडत नाही. त्या अंड्यातून बापाशिवाय नर जन्मतो. आजोबा मात्र असतात, आईकडून! निम्मी म्हणजे अर्धवट नव्हेत, हे मुलीला नीट सांगा. प्रत्येक प्रकारचं एकेक गुणसूत्र असतंच, नुसती जोडी नसते. संच पुरा, म्हणून तो जगतो, उडतो.

शुक्राणू बनवताना नराकडे निम्मं करायला काही उरत नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक शुक्राणूत तीच 16 जशीच्या तशी. एका बापाच्या सगळ्या कामकरी बहिणींना बापाकडचा वाटा तंतोतंत सारखा मिळतो. मला तर हे आजही विलक्षण वाटतं.

पेटी उघडाल तेव्हा पोळ्याची खालची कड बघा. फुगीर झाकण आणि मधोमध टाचणीएवढं भोक दिसलं, की आत नर आहे. शेजारच्या लहान घरांच्या झाकणांना भोक नसतं. तिथे 32 वाल्या कामकरी वाढताहेत.