हजार कोटींना पुरेल का? आधी एक भागाकार करा

तुमचा प्रश्न असा, की जगाची लोकसंख्या हजार कोटींवर गेल्यावर एवढं अन्न आणायचं कुठून, आणि व्हर्टिकल फार्मिंग (इमारतीत मजल्यांवर केलेली शेती) व प्रयोगशाळेतलं मांस हाच तोडगा आहे का. दुसरा भाग सोपा आहे, तो आधी उरकतो: नाही. दिव्यांखाली मजल्यांवर पालेभाजी होते, कारण तिच्यात बहुतेक पाणीच असतं आणि ती लवकर कापणीला येते. पोट भरतं ते गहू, तांदूळ, मका यांवर. सूर्य फुकट देतो तो प्रकाश वीज जाळून गव्हाला पुरवायचा, तर बिल गव्हाच्या किमतीच्या कितीतरी पट येईल. प्रयोगशाळेतल्या मांसाला सिंगापूरने २०२० मध्ये जगात पहिल्यांदा विक्रीची परवानगी दिली, पण अजून ते हौसेपुरतंच आहे.

आता मूळ प्रश्न. जगात वर्षाला साधारण २८० कोटी टन तृणधान्य पिकतं. ते ८०० कोटी माणसांत वाटा. माणशी वर्षाला ३५० किलो, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक किलो. यात डाळी, तेलबिया, कंद, भाज्या, मासे काहीच धरलेलं नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते, आणि सकस आहार परवडत नाही असे २६० कोटी.

मग धान्य जातं कुठे? निम्म्याहून कमी माणसं थेट खातात. एक तृतीयांशाहून जास्त जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं. अमेरिकेत तर मक्याचा तेवढाच मोठा वाटा इथेनॉल होऊन गाड्यांच्या टाकीत जातो.

इथवर आलं की बहुतेक जण म्हणतात, ‘मग वाटप सुधारा, झालं.’ मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. त्यात तथ्य आहेच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवलं होतं, की लोक मेले ते केवळ अन्न कमी पडलं म्हणून नव्हे, तर ते विकत घ्यायची त्यांची ऐपत संपली म्हणून. पण एका देशातलं जादा धान्य दुसऱ्या खंडातल्या गरिबाच्या ताटात आपोआप पोचत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि काळ्या समुद्रातली गव्हाची जहाजं अडली, तेव्हा आयातीवर जगणाऱ्या देशांना हे चांगलंच कळलं.

त्यामुळे लोक वाढणार कुठे, ते बघावं लागतं. २०५० पर्यंतची निम्म्याहून अधिक वाढ आठ देशांत होईल, त्यांतले काँगो, इथिओपिया, नायजेरिया आणि टांझानिया हे चार सहाराच्या दक्षिणेचे. तिथे तृणधान्याचं उत्पादन हेक्टरी दीड टनाच्या आसपास रेंगाळतंय. जगाची सरासरी चार टन. जमीन नापीक म्हणून नव्हे. तिथला शेतकरी हेक्टरी जेमतेम २० किलो खत घालतो, आणि त्याचं बहुतेक पीक पावसावर असतं. दीडाचे तीन टन करायला चमत्कारी बियाणं लागत नाही. खत वेळेवर, परवडेल अशा भावात गावापर्यंत पोचायला हवं, आणि माल बाहेर न्यायला रस्ता हवा.

‘रासायनिक खत नकोच’ म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे पाहावं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर रातोरात बंदी घातली, भाताचं पीक कोसळलं, तांदूळ आयात करावा लागला आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. हेबर-बॉश प्रक्रियेने हवेतला नायट्रोजन खतात उतरवला नसता, तर आजच्या जवळपास निम्म्या जगाला अन्न मिळालं नसतं. दुसरी बाजूही तितकीच खरी: घातलेल्या नायट्रोजनपैकी जवळपास निम्मा पिकाला मिळतच नाही. तो वाहून जातो, आणि मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायू नसलेला पट्टा तयार होतो. म्हणजे एकीकडे खत वाढवायचं, दुसरीकडे घटवायचं. एकच घोषणा दोन्हीकडे चालत नाही.

पाण्याचं थोडक्यात: माणूस वापरतो त्या गोड्या पाण्यापैकी ७० टक्के शेतीला जातं. भाताचं खाचर सतत तुडुंब न ठेवता मधूनमधून सुकू दिलं, तर उत्पादन न घटता पाणी बरंच वाचतं. हवामान तापवणारा मिथेन वायूही कमी निघतो.

आता माझा आवडता विषय: साठवण. (या कामात बरीच वर्षं गेली, तेव्हा माझा कल तिकडे झुकणारच.) काढणीपासून दुकानापर्यंत जगातलं सुमारे १३ टक्के अन्न वाया जातं. मका ओला भरला की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. २००४ मध्ये केनियात असा मका खाऊन १२५ जण दगावले. कोरडा भरला तर सोंडे. म्हणून छोटा शेतकरी सुगीतच पडत्या भावाने विकतो आणि पुढे तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो.

यावर कॅमेरूनमधल्या चवळीसाठी १९८० च्या दशकाअखेर एक साधा उपाय निघाला: विणलेल्या पोत्यात जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकीत एक, तोंडं घट्ट बांधलेली. किडे आतला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात. औषध नाही, धुरी नाही. धान्य मात्र आधी कोरडं हवं. ते ओळखायला यंत्र लागत नाही. कोरड्या बाटलीत धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या.

ही पिशवी कुठे हरते, तेही सांगतो. सुगीच्या दिवशी सावकार दारात उभा असेल, तर धान्य तिच्यात जातच नाही. म्हणून तिच्या जोडीला गोदामाच्या पावतीवर कर्ज हवं: धान्य तारण राहतं, हातात रोख येते, आणि भाव चढल्यावर विकता येतं.