दोन हप्ते थकलेत, तिसरा तोंडावर आहे. बँक आता काय करेल?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, गृहकर्जाचा एप्रिल आणि मेचा हप्ता भरता आला नाही, जूनचा ५ तारखेला आहे आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत. मित्र म्हणतो फोन उचलूच नकोस, मेहुणे म्हणतात पर्सनल लोन काढून भरून टाका. आणि तुमचा खरा प्रश्न असा, की घर कधी जाईल?

पुढच्या महिन्यात जात नाही, एवढं निश्चिंत राहा. पण ४ जुलै ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. मी बरीच वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली आहेत. कर्जदार थकीत रकमेकडे बघत बसतो आणि बँक दिवस मोजत असते, हे तिथे रोज बघायचो.

तुमची सगळ्यात जुनी थकबाकी ५ एप्रिलची. तिथून ९० दिवस ४ जुलैला भरतात आणि त्या दिवशीचं कामकाज बंद होताना सिस्टीम तुमचं खातं आपोआप एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक कर्ज, करते. तोपर्यंत खातं ‘एसएमए’ (विशेष लक्ष ठेवायची खाती) नावाच्या तीन पायऱ्यांवरून खाली येत असतं: पहिले ३० दिवस शून्य, मग एक, मग दोन. ४ जूनला तुम्ही दोनवर पोचाल. फोनवरचा सूर बदलतो तो याच पायऱ्यांप्रमाणे.

या ९० दिवसांचं बँकेला एवढं का पडलेलं असतं? नियमित गृहकर्जावर बँकेला साधारण पाव टक्का तरतूद करावी लागते, म्हणजे बुडण्याच्या शक्यतेपोटी तेवढी रक्कम बाजूला ठेवावी लागते. तेच खातं एनपीए झालं की तारण असूनही १५ टक्के. ३० लाख बाकी असेल तर साडेसात हजारांच्या जागी साडेचार लाख बाजूला काढायचे, आणि प्रत्यक्ष वसूल न झालेलं व्याज उत्पन्नात दाखवायचं नाही. शाखाधिकाऱ्याला वरून विचारणा होते ती यावरून. म्हणून ४ जुलैच्या आधी तो तुमच्याइतकाच अडचणीत असतो आणि तोच तुमचं ऐकून घेतो. नंतर फाइल शाखेतून वसुली विभागाकडे जाते. तिथल्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं.

आता कामाचं. तीनही हप्ते एकदम भरायला पैसे नाहीत म्हणून काहीच न भरणं, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. भरलेला पैसा आधी जुन्या थकबाकीला लागतो. जूनअखेर फक्त एप्रिलचा हप्ता भरलात तरी सगळ्यात जुनी थकबाकी ५ मेची होते आणि एनपीएची तारीख ४ जुलैवरून ३ ऑगस्टवर जाते. एका हप्त्यात महिना मिळतो. मात्र आधी शाखेतून थकबाकीचं विवरण घ्या. बाउन्स चार्ज आणि दंडाची रक्कम त्यांनी आधी वळती केली, तर तुमचा हप्ता दोन-चारशे रुपयांनी अपुरा राहतो, आणि सिस्टीमच्या लेखी अपुरा हप्ता म्हणजे थकलेलाच. विवरणात दंडावर व्याज चढवलेलं दिसलं तर विचारा. २०२४ पासून दंडात्मक व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दंड आकारता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही.

एकदा एनपीए झालं की ही सोय संपते. मग एक-दोन हप्ते भरून खातं नियमित होत नाही, सगळीच्या सगळी थकबाकी चुकती करावी लागते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याआधी काही ठिकाणी थोडं भरून खातं ‘उठवलं’ जायचं, ते आता विसरा.

शाखेत जाताना लेखी अर्ज घेऊन जा: नोकरी कधी गेली, सध्या काय येतं, दरमहा किती झेपेल, कधीपर्यंत सावराल. पोच घ्या, शिक्का-सही-तारखेसह. तोंडी बोलणं त्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातं.

मुदत वाढवून मागायचा विचार असेल तर आधी हिशेब बघा. साडेआठ टक्क्यांनी ३० लाखांचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे २६ हजार. तोच तीस वर्षांचा केला तर २३ हजार. दरमहा तीन हजार वाचवायला शेवटी वीस लाखांच्या आसपास जास्त मोजायचे. पगार कमी झालेल्याला याचा उपयोग होतो, पगारच बंद असलेल्याला फारसा नाही. शिवाय अडचणीतल्या कर्जदाराचे हप्ते असे बदलून दिले की ते खातं साधारणपणे एनपीएतच दाखवावं लागतं, म्हणून शाखा आढेवेढे घेते. कोविडसारखी हप्तेस्थगिती मिळेल का, असं हमखास विचारलं जातं. ती मार्च ते ऑगस्ट २०२० पुरती होती आणि तेव्हाही व्याज चालूच होतं. त्यापेक्षा कर्जाबरोबर गळ्यात मारलेली विमा पॉलिसी काढून वाचा. काहींमध्ये नोकरी गेल्यास काही हप्ते भरण्याची तरतूद असते आणि ती घरात कुणाला ठाऊक नसते.

फोन उचला. न उचलणाऱ्याच्या नावापुढे ‘संपर्क होत नाही’ असा शेरा पडतो आणि पुढची कारवाई लवकर सुचवली जाते. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हे नियम आहेत. मोडले तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मात्र त्या तक्रारीने वसुली थांबत नाही.

समजा, एनपीए झालंच. मग सरफेसी, म्हणजे तारण ताब्यात घेऊन विकायचा हक्क बँकेला देणाऱ्या, कायद्याच्या कलम १३(२) खाली नोटीस येते. ती वाचून माणूस हादरतो, कारण तीत तीन हप्ते नाही तर अख्खं कर्ज ६० दिवसांत भरा असं लिहिलेलं असतं. कायद्याची रीतच ती आहे. व्यवहारात त्या काळात पूर्ण थकबाकी भरली तर बहुतेक बँका पुढे जात नाहीत. नोटिशीला उत्तर द्या. आकड्यांवर आक्षेप असेल तो लिहा. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि पुढे न्यायाधिकरणात जावं लागलं तर हा कागद कामी येतो. (कर्ज फिटत आलेल्यांसाठी: एकूण मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी बाकी असेल तर हा कायदा लावता येत नाही.)

६० दिवसांनंतर ताबा. पण पहिला ताबा बहुधा कागदावरचाच असतो, त्याला सांकेतिक ताबा म्हणतात. बँकेचा अधिकारी दोन पंच घेऊन येतो, दारावर नोटीस चिकटवतो, मोबाईलवर फोटो काढतो, पंचनाम्यावर सह्या घेतो आणि जातो. तुम्ही आत राहतच असता. शेजारी वाचतात ते वेगळं. आठवड्याभरात तीच नोटीस दोन वृत्तपत्रांत छापून येते, एक स्थानिक भाषेतलं. इथून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आदेश आणते, आणि त्याला कायद्यातल्या मुदतीपेक्षा बराच जास्त वेळ लागताना मी पाहिलाय. त्या भरवशावर मात्र राहू नका.

लिलावाआधी मूल्यांकन होतं, राखीव किंमत ठरते, ३० दिवसांची विक्री नोटीस मिळते. देणं-खर्च भागून उरलेली रक्कम तुमची, कमी पडली तर ती तुमच्याकडूनच वसूल होते. पूर्वी विक्री पक्की होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहिलाय, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावणारे लोक अजूनही येतात.

सहा महिन्यांत उत्पन्न सुरू होईल असं दिसत नसेल, तर घर स्वतः विकण्याचा विचार आत्ताच करा. तुम्ही शोधलेल्या गिऱ्हाइकाचा भाव लिलावातल्या भावापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला असतो. १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही आणि गिऱ्हाईकही बिचकतं. तडजोडीवर, म्हणजे ओटीएसवर, फार आशा ठेवू नका. घराची किंमत कर्जाहून जास्त असताना बँक सूट कशाला देईल? दिली तरी सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो.

मेहुण्यांचं पर्सनल लोन नको. व्याज जास्त, मुदत कमी, त्यामुळे दोन महिन्यांनी दोन्ही कर्जांचे हप्ते थकतील. फक्त नोकरीचं पत्र हातात असेल आणि एकाच महिन्याचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा मेहुण्यांकडूनच एका हप्त्यापुरते हातउसने मिळाले तर बघा.

पत्नी सहकर्जदार आहेत, तेव्हा अर्जावर त्यांचीही सही घ्या आणि त्यांच्या नावाचं टपालही फोडून वाचत जा. माहेरचा पत्ता दिलेला असेल तर शाखेत तो आधी बदलून घ्या.