आजोबांच्या गोळ्या आणि नातीचा तिसरा प्रयत्न

(लातूरच्या एका वडिलांचे पत्र: मुलगी नीटला दोनदा मागे पडली असून तिला तिसऱ्यांदा बसवायचे आहे, तिला मात्र जीवरसायनशास्त्र शिकून रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायचे आहे. आजोबांना ६ वर्षांपासून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा हळू वाढणारा रक्ताचा कर्करोग आहे. ‘औषध तर निघालेच आहे, मग संशोधनात उरले काय?’ असा वडिलांचा प्रश्न आहे.)

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील गुणांच्या आकड्यांआधी मी एका वाक्यापाशी थांबले. बरे वाटते म्हणून तुमच्या वडिलांनी गेले २ महिने या आजारावरील इमॅटिनिबच्या गोळ्या सोडल्या आहेत आणि त्यावरून मुलीने घरात भांडण केले, हे तुम्ही तिच्या हट्टीपणाचा दाखला म्हणून लिहिले आहे. या भांडणात तुमची मुलगी बरोबर आहे. दीर्घकाळ उत्तम नियंत्रण राहिलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली थांबवतात, परंतु त्याचा निर्णय रक्तात बीसीआर-एबीएल या रोगट जनुकाचा अंश किती उरला आहे हे मोजणाऱ्या पीसीआर तपासणीवरून होतो, बरे वाटण्यावरून नव्हे. करिअरचे नंतर पाहू. आधी वडिलांना या आठवड्यातच त्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

औषध निघाले म्हणजे काम संपले, हा तुमचा समज मुळापासून तपासावा लागेल. या आजारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होते. एरवी एबीएल हे गरजेपुरते चालू होऊन बंद होणारे प्रथिन आहे. जोडप्रथिनात ते बंदच होत नाही आणि रास, पीआय३के, स्टॅट५ अशा संदेशवाहक प्रथिनांमार्फत पेशीला ‘विभाजित हो, मरू नकोस’ असा संदेश सतत देत राहते. सुरुवातीच्या टप्प्यात या पेशी वाढल्या तरी परिपक्व होतात, म्हणून रुग्णाला फारसे जाणवत नाही. मात्र याच संदेशांमुळे डीएनएला इजा होते, दुरुस्तीत चुका राहतात, नवे दोष साचतात आणि एके दिवशी अपरिपक्व पेशींचा लोंढा सुरू होतो. त्यालाच ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि या आजाराचे रूप पालटले. तरीही प्रथिनातील ३१५ व्या जागी एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा) बदलले की ही गोळी तिथे बसत नाही, आणि मूळ रक्तपेशींपैकी काही रोगट पेशी औषध चालू असतानाही तग धरून राहतात. त्या का टिकतात, हे अजून पुरते उलगडलेले नाही. तुमच्या मुलीच्या वहीत, तुमच्याच शब्दांत, ‘नीटला न येणाऱ्या आकृत्या’ आहेत, त्या बहुधा याच प्रश्नाच्या असाव्यात.

‘आजोबांसाठी तरी डॉक्टर हो’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजोबांचा आजार १९ वर्षांच्या मुलीच्या गुणपत्रिकेवर ठेवणे अन्यायाचे आहे; निकाल आला की तिला आपण आजोबांना फसवले असे वाटत असेल, याचा विचार करा. शिवाय डॉक्टर झाल्याशिवाय या आजारासाठी काही करता येत नाही, हा तुमचा मुद्दाही टिकत नाही. तुकड्यांच्या अदलाबदलीत लहान झालेले ते २२ वे गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले, तेव्हा ते पाहणाऱ्या दोघांपैकी पीटर नॉवेल डॉक्टर होते, तर डेव्हिड हंगरफोर्ड पीएचडीचे विद्यार्थी होते. इमॅटिनिबमागेही ब्रायन ड्रुकर या डॉक्टरांच्या जोडीला निकोलस लायडन हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते.

मार्ग सरळ आहे: बीएस्सी, मग जॅम या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. खारघरचे ॲक्ट्रेक आणि पुण्याचे एनसीसीएस या संशोधन संस्था यासाठी नावाजलेली ठिकाणे. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेशाला बारावी होऊन किती वर्षे झाली याची अट असते, म्हणून आणखी एक वर्ष नीटसाठी घालवण्यापूर्वी ती पाहा. पीएचडीपर्यंत ९-१० वर्षे लागतील आणि पहिली काही वर्षे पैसे बेताचेच मिळतील, हेही तिला आजच सांगा.

आणि आजोबांना डॉक्टरांकडे नेताना तिला बरोबर घ्या. पीसीआरचा अहवाल आला की तो आधी तिला वाचू द्या.