आधी कार्ड, मग कॅमेरा

एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगतो. मुलगी ४ वर्षांची आहे, नाच शिकते, वर्षातून दोनदा स्टेजवर असते. सासूबाई ७९ वर्षांच्या, गोष्टी सांगायला बसल्या की थांबत नाहीत. हे सगळं नीट टिपून ठेवायला ताईंना डिजिटल कॅमकॉर्डर हवा आहे. दोन पाहून ठेवलेत. एक स्वस्तातला, फारसं कधी न ऐकलेल्या नावाचा, पण खोक्यावर '४के, ४८ मेगापिक्सेल, १६एक्स झूम, नाईट व्हिजन, माइक सोबत' असं सगळं लिहिलेलं. दुसरा सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५. तो फक्त फुल एचडी आणि किंमत पहिल्याच्या अडीचपट. दोन्ही कॅमेरे विकत घेतलेल्या मालकांची मतं वाचून डोकं गरगरतंय, असं त्या लिहितात. मिस्टरांचं म्हणणं, फोन आहे की. दुकानदार १२ बिनव्याजी हप्ते करून द्यायला तयार आहे. आणि पत्राच्या अगदी तळाशी, जाता जाता: 'क्रेडिट कार्डावर थोडी बाकी आहे, व्याज महिना ३ टक्के.'

ताई, मी सुरुवात त्या 'थोडी'पासून करतो.

तुम्ही आकडे दिलेत म्हणून बरं झालं. रकमा बाजूला ठेवू आणि स्वस्त कॅमेऱ्याची किंमत १०० धरू. म्हणजे सोनीचा २५०. कार्डावरची बाकी ५००. सध्या तुम्ही कार्डावर महिन्याला ५० भरता आणि कॅमेऱ्याचा हप्ता पडेल साधारण २१. म्हणजे ज्याला तुम्ही 'थोडी' म्हणता, ती बाकी महागड्या कॅमेऱ्याच्या दुप्पट आहे. महिना ३ टक्के हे कानाला हलकं लागतं. चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं.

आता दोन रस्ते मांडून बघा. पहिला: कार्डावर ५० चालू ठेवायचे आणि शिवाय २१चा हप्ता. कार्ड मिटायला १२ महिने लागतात, तेराव्या महिन्यात थोडी चिल्लर उरते, आणि तोवर व्याजापोटी १०३ गेलेले असतात. दुसरा: कॅमेरा थांबवायचा आणि ते २१सुद्धा कार्डात घालायचे, म्हणजे महिन्याला ७१. आठ महिन्यांत कार्ड जवळपास कोरं होतं, नवव्यात दोनेक भरले की संपलं. व्याज गेलं ७०. मग तेच ७१ बाजूला टाकत गेलात तर चारेक महिन्यांत २५० रोख हातात. म्हणजे वर्षाच्या शेवटी दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात: कार्ड मिटलेलं, कॅमेरा घरात. फरक ३३चा. तुमच्या बिनव्याजी हप्त्याची खरी किंमत ती. ज्याच्यावर दुसरीकडे व्याज चढतंय त्याच्यासाठी बिनव्याजी असं काही नसतं.

हप्त्यावर प्रक्रिया शुल्क आहे का आणि रोखीत घेतला तर दुकानदार किती सोडतो, हे दोन्ही विचाराच. बऱ्याचदा व्याज तिथे लपलेलं असतं. आणि हप्ता याच कार्डावर करणार असाल तर कार्डाचे नियम आधी वाचा. बाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत सहसा मिळत नाही.

३३ काही फार नाहीत, त्यासाठी वर्षभर थांबायचं का, असं तुम्ही म्हणाल. पैशांपुरतं म्हणाल तर मीही फार ताणणार नाही. पण पहिल्या रस्त्यात एखादा महिना अडचणीचा गेला तर हप्ता टाळता येत नाही. दुसऱ्या रस्त्यात त्या महिन्यात कार्डावर ७१ऐवजी ५० भरता येतात. ही मोकळीक मला ३३पेक्षा जास्त मोलाची वाटते. शिवाय थांबण्याचा आणखी एक फायदा आहे, त्यासाठी तुम्ही वाचलेल्या त्या मतांकडे यावं लागेल.

तुम्ही पाठवलेली मतं मी सगळी वाचली. स्वस्त कॅमेऱ्याला पाच तारे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो घरी आल्यावर दोन-चार दिवसांत लिहिलंय. खोकं छान आहे, मुलाला भेट दिला, तो खूश आहे, किमतीच्या मानाने भारी. यातलं काहीही खोटं नाही. फक्त त्यात व्हिडिओबद्दल एक अक्षर नाही. एक तारा देणाऱ्यांचा राग बहुतेक डिलिव्हरीवर किंवा न चाललेल्या बॅटरीवर. कामाची निघाली ती तीन ताऱ्यांची मतं. तीन तारे देणारा माणूस वस्तू वापरून बसलेला असतो आणि त्याला ना विकणाऱ्याचं प्रेम असतं ना राग. तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: झूम केलं की चित्र पुसट होतं, घरात संध्याकाळी काढलं की दाणेदार येतं, आणि बॅटरी कार्यक्रम संपायच्या आत मान टाकते.

पुसट का होतं, ते समजून घ्या, म्हणजे पुढे असलं कुठलंही खोकं तुम्हाला फसवणार नाही. त्या कॅमेऱ्याचं १६एक्स हे डिजिटल झूम आहे. भिंग जागचं हलत नाही. चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणून मोठा केला जातो. ४के चित्र ३,८४० बाय २,१६० ठिपक्यांचं. १६पट झूम केलंत की त्यातला उरतो २४० बाय १३५चा तुकडा. तुमची मुलगी स्टेजवर दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी असेल तर तिच्या चेहऱ्याच्या वाट्याला त्यातले मूठभर ठिपके येणार. खोक्यावरचा ४केचा शिक्का मात्र तसाच. सोनीच्या त्या मॉडेलचं झूम ३०एक्स ऑप्टिकल आहे, म्हणजे भिंगं खरोखर सरकतात आणि शेवटपर्यंत पूर्ण फुल एचडी चित्र मिळतं. सभागृहात मागच्या खुर्चीवरून नाच टिपायचा असेल तर फुल एचडी आणि ऑप्टिकल झूम हे ४के आणि डिजिटल झूमपेक्षा कितीतरी सरस. तेव्हा १००वाला बादच करा. तो स्वस्त नाही. ते १०० खर्चात धरायचे आणि विसरायचे, कारण सेकंडहँडमध्ये त्याला कुणी विचारत नाही.

सोनीच्या मालकांची मतं वेगळ्या चवीची आहेत. मॉडेल २०१५चं, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरलेल्यांची मतं मिळतात, आणि मी पैसे लावताना अशाच मतांवर लावतो. कौतुक कशाचं? झूमचं, हलक्या वजनाचं, आणि हात थरथरला तरी स्थिर राहणाऱ्या चित्राचं. तक्रारी कशाच्या? बाहेरचा माइक जोडायला जॅक नाही. हाताच्या पट्ट्यात दडवलेली यूएसबी वायर वीतभरच आहे. तो व्हिडिओ एव्हीसीएचडी नावाच्या प्रकारात साठवतो, त्या फायली बऱ्याच फोनवर उघडत नाहीत. सोबत छोटी एमपी४ फाईल काढायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती शोधावी लागते. आणि कमी उजेड. सेन्सर (उजेड टिपणारी चिप) १/५.८ इंची, म्हणजे करंगळीच्या नखावर सहज मावेल असा. एवढा छोटा सेन्सर आहे म्हणूनच एवढ्या लहान अंगात ३०पट झूम बसतो, आणि त्याचमुळे मंद उजेडात तो मार खातो. तिथे तुमचा फोन जिंकेल. मिस्टरांना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

पण त्यांचंही अर्धंच बरोबर. लांबचा झूम, फोन न येता आणि फोन न तापता सलग दोन तास रेकॉर्डिंग, ट्रायपॉडवर ठेवून विसरून जाणं, ही कामं फोनची नाहीत. (तुम्ही साध्या फोटोच्या कॅमेऱ्याचंही विचारलंय. त्यातले कित्येक जुने २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतात. अर्धा तास सलग रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर जास्त आयात कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद आधीच कात्री लावली. करचुकवेगिरीचा इतका सज्जन नमुना मी दुसरा पाहिला नाही.)

आता तुमचा प्रश्न मी थोडा फिरवतो. मालकांची मतं 'कॅमेरा चांगला आहे का' याचं उत्तर देतात. तुम्हाला हवंय ते उत्तर फक्त तुमच्या घरात आहे: फोनला जमत नाहीत असे किती दिवस तुमच्या वर्षात येतात? पत्रावरून मी मोजले. दोन कार्यक्रम, एखादी सहल, चार दिवस धरू. तुम्ही भाड्याचीही चौकशी केलीत, दिवसाला किमतीचा विसावा भाग. म्हणजे २० दिवस भाड्याने आणलात की एका कॅमेऱ्याचे पैसे गेले. वर्षाला चार दिवस म्हणजे पाच वर्षं. तोवर मुलगी ९ वर्षांची होईल आणि तिला आईने स्टेजसमोर कॅमेरा घेऊन बसणं आवडेल की नाही, सांगता येत नाही.

विकत घेतलात तर नुसते २५०ही पुरत नाहीत. चांगल्या प्रतीत, सेकंदाला ५० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला साडेबावीस जीबी भरतात. दोन तासांचा कार्यक्रम ४५ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं वेगवान मेमरी कार्ड, जादा बॅटरी, ट्रायपॉड, आणि दोन हार्ड डिस्क. दोन का, तर एक कधीतरी बसतेच. हे सगळं धरून किमतीच्या निम्म्यापर्यंत वरखर्च सहज जातो. बॅटरीची चिंता मात्र कमी आहे. त्यातली एनपी-बीएक्स१ बॅटरी सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या फोटो कॅमेऱ्यांतही चालते, त्यामुळे ती इतक्यात बाजारातून उठेल असं वाटत नाही.

स्वतःचं सांगतो. माझ्या कपाटात जुन्या कॅमकॉर्डरच्या १४ मिनीडीव्ही कॅसेट आहेत, प्रत्येकी एक तासाच्या. कॅमेरा घेतला तेव्हा मीही हिशेब फक्त कॅमेऱ्याचाच केला होता. पुढे कॅमेऱ्याचं हेड (कॅसेट वाचणारा भाग) गेलं, ज्या वायरने तो संगणकाला जोडायचा ती जागाच नव्या संगणकांत उरली नाही, आणि शेवटी पैसे मोजून कॅसेट डिजिटल करून घ्याव्या लागल्या. चौदा तासांतलं घरात पुन्हा पुन्हा पाहिलं जातं ते चार मिनिटांचं. वडील खुर्चीत बसून घड्याळाला किल्ली देतायत, वर न बघता आईशी काहीतरी बोलतायत, आणि मागे कुकरच्या शिट्टीत त्यांचं अर्धं वाक्य गेलंय. झूम नाही, स्टेज नाही. ते अर्धं वाक्य काय होतं, यावर आमच्या घरात अजून वाद होतात.

म्हणून सासूबाईंचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यासाठी एक दिवसही थांबवू नका. मुलीचा नाच पुढच्या वर्षीही असेल. ७९ वर्षांच्या बाईंच्या बाबतीत मी आठ महिन्यांचं वेळापत्रक बनवणार नाही. फोन पुस्तकांना टेकवून त्यांच्या समोर, हातभर अंतरावर ठेवा, एरोप्लेन मोड लावा, पंखा बंद करा, उजेड त्यांच्या तोंडावर येईल असं बसवा. कपड्याला अडकवायचा छोटा माइक मिळतो, आत्ता खर्च करायचाच असेल तर तेवढाच करा. ज्या कॅमेऱ्याला माइकचा जॅकच नाही, तो या कामाला तुमच्या फोनपेक्षा कमीच पडणार.

तेव्हा माझं मत असं. स्वस्त कॅमेरा नाही. हप्ते नाहीत. कार्ड मिटेपर्यंत महिन्याला ७१. दरम्यान येणाऱ्या नाचाच्या कार्यक्रमाला कॅमेरा भाड्याने आणा, मेमरी कार्ड मात्र स्वतःचं वापरा. घरी आल्यावर ते रेकॉर्डिंग किती वेळा पाहिलं गेलं, कुणाकुणाला पाठवलं, की तसंच मेमरी कार्डात पडून राहिलं, याच्यावर लक्ष ठेवा. थांबण्याचा फायदा म्हणालो तो हा: आठ महिन्यांनी तुमच्याकडे एका मालकाचं मत असेल जे मला इतरांच्या शेकडो मतांपेक्षा जास्त पटेल. तेव्हाही हवासा वाटला तर रोखीत घ्या, माझी ना नाही.

सेकंडहँड मिळत असेल तर तोही चालेल. पाहताना स्क्रीन पाच-सहा वेळा उघडझाप करा. बिजागरीतली पट्टी झिजली असेल तर चित्र थरथरतं. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि कान लावून ऐका, खरखर आली तर सोडून द्या. भिंगावर झाकण ठेवून काळं चित्र रेकॉर्ड करा, त्यात पांढरे ठिपके दिसले तर भाव पाडा.

वाढीव वॉरंटीचं विचारलंत. नको. ती सहसा पडझड आणि वाळू-पाणी धरत नाही, आणि घरचे कॅमेरे बहुधा त्यानेच मरतात.