एच-४ वर न्यू जर्सीला येणाऱ्या सोबर मित्राला

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दारू सोडून सहा वर्षं झाली, त्यातली तीन वर्षं नाशिकजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून गेली. आता पत्नीला एच-१बी या कामाच्या व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी मिळाली आहे आणि तुम्ही एच-४ वर, म्हणजे तिच्या जोडीदाराच्या व्हिसावर, सोबत येणार आहात. इथे ‘पीअर सपोर्ट’ किंवा ‘रिकव्हरी कोच’, म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर येऊन दुसऱ्याला साथ देणारा, म्हणून काम मिळेल का, आणि निघण्याआधी पंचाहत्तर हजार भरून ते ऑनलाइन ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकेट घेऊन टाकू का, असं विचारलंत.

सर्टिफिकेट घेऊ नका. काम मिळेल, पण आल्या आल्या नाही. मधला जो काळ जाईल त्याबद्दल मला तुमच्याशी जास्त बोलायचं आहे, कारण त्याच काळात मी स्वतः घसरलो होतो.

आधी व्हिसाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. या कामासाठी पदवी लागत नाही, त्यामुळे या कामाच्या नावावर एच-१बी मिळत नाही. एजंट काहीही सांगो. एच-४ वर तुम्हाला पगारी काम करता येत नाही. २०१५ पासून एच-४ वाल्यांना ईएडी, म्हणजे कामाचा परवाना मिळतो, पण तो सरसकट नाही. पत्नीच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा कंपनीचा अर्ज मंजूर व्हावा लागतो, किंवा तिची एच-१बीची सहा वर्षं संपून त्यापुढे मुदतवाढ मिळालेली असावी लागते. कंपनीने पहिल्या दिवसापासून मनावर घेतलं तरी यात दोन-तीन वर्षं सहज जातात. परवाना हाती आला की नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. अर्ज पडून असताना पूर्वी आपोआप मुदतवाढ मिळायची, ती ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे.

एक गोष्ट पत्नीला आजच विचारा. तिची कंपनी तीच राहणार असेल आणि तिथे तिची वर्षभराहून जास्त नोकरी झाली असेल, तर एल-१ वर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या व्हिसावर, पाठवणं कंपनीला शक्य आहे का? एल-१ वाल्याच्या जोडीदाराच्या आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, ‘एल-२एस’ अशी नोंद असली की वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. एल-१ वर तिला कंपनी बदलता येत नाही, हा त्यातला तोटा. तो तुम्ही दोघांनी बसून तोलायचा. पण तुमच्यासारख्या माणसासाठी पहिल्या महिन्यापासून घराबाहेर पडायला एक कारण असणं फार मोठं आहे.

व्हिसाच्या अर्जात, डीएस-१६० मध्ये, तुम्ही कधी अमली पदार्थांच्या आहारी गेला होतात का, असा थेट प्रश्न असतो. तुमचं दारूचं आहे, तरी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कधी पोलीस केस झाली असेल तर अटकेचा प्रश्न येतो आणि वैद्यकीय तपासणीलाही पाठवू शकतात. यातलं काहीही लपवू नका. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. खरं सांगितलं तर सोबर राहिल्याच्या सहा वर्षांचे कागद तुमच्या बाजूने उभे राहतात. असा काही इतिहास असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा पैसे द्या. त्या पंचाहत्तर हजारांचा तो जास्त चांगला उपयोग.

आता मधल्या काळाबद्दल. मी २०१३ च्या सप्टेंबरात आलो तेव्हा चार वर्षांचा सोबर होतो. पुण्यात एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, आठवड्याला तीन मीटिंगा, स्पॉन्सर, म्हणजे गटातला माझा जुना वाटाड्या, दोन गल्ल्या पलीकडे, संध्याकाळी केंद्रात नव्या मुलांबरोबर चहा. इथे पत्नी सकाळी साडेसातला निघायची. गाडी एकच, ती तिच्याकडे. मी चौथ्या मजल्यावरच्या घरात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मीटिंग सहा मैलांवर होती आणि रात्री परतीची बस नव्हती. मी स्वतःला म्हणालो, चार वर्षं झालीत, एवढं काय. जानेवारीत एका मराठी घरी वाढदिवसाला कुणीतरी हातात बिअर दिली. पुढचे एकोणीस दिवस मी रोज प्यायलो. माझी सोबर तारीख म्हणूनच फेब्रुवारी २०१४ ची आहे.

हे सांगताना आजही बरं वाटत नाही, पण तुम्ही हे काम करणारे आहात, तुम्हाला आडून सांगून उपयोग नाही. तुम्ही ज्याला तुमची ताकद समजता ती अर्धी तुमच्यात आहे आणि अर्धी नाशिकच्या त्या खोलीत, त्या माणसांत. ते अर्धं सामानात बांधून आणता येत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी घर कुठे घेताय ते ठरवा, आणि ठरवताना रेल्वे स्टेशन, भारतीय किराणा आणि शाळा यांच्याबरोबर चालत जाता येईल अशी एए ची मीटिंग नकाशावर बघा. पहिल्या आठवड्यात जा. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा हे तुम्ही नव्या मुलांना सांगत असाल, तेच इथे स्वतःला लावा. नाशिकच्या स्पॉन्सरशी रोजच्या फोनची वेळ वेळेच्या फरकाप्रमाणे आत्ताच ठरवा. पत्नीसाठी अल-अॅनॉन, म्हणजे दारूच्या व्यसनी माणसाच्या घरच्यांचा गट, आहे. तिला त्याची गरज तुमच्याइतकीच लागेल, कारण नवी नोकरी आणि तुमची काळजी ही दोन्ही ओझी तिच्या एकटीवर असतील.

त्या काळात शिकायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. एच-४ वर वर्गाला बसता येतं, आणि इथूनच या पेशाची खरी वाट सुरू होते.

इथे पीअर म्हणजे ज्याने स्वतः व्यसन किंवा मानसिक आजार भोगला, त्यातून बाहेर आला, आणि तोच अनुभव घेऊन दुसऱ्याच्या सोबतीला पगारी उभा राहतो तो. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं, तिथे बरे झालेलेच लोक पुढे कामाला लागत आले आहेत. अमेरिकेत फरक पडला तो पैशाच्या वाटेने. जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये पीअर सपोर्टचा खर्च मेडिकेड या सरकारी विम्यातून द्यायला सुरुवात केली, आणि ऑगस्ट २००७ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना पत्र लिहून तो रस्ता मोकळा केला. त्या पत्रात तीन अटी होत्या: पीअरवर देखरेख हवी, त्याचं काम रुग्णाच्या एकूण उपचाराशी जोडलेलं हवं, आणि त्याचं प्रशिक्षण होऊन त्याला प्रमाणपत्र मिळालेलं हवं. आज तुम्हाला भेटणारी प्रत्येक फॉर्मॅलिटी या तिन्हीतून आली आहे.

प्रमाणपत्र देतं ते राज्याचं मंडळ. बरीच राज्यं आयसी-अँड-आरसी या, अशा मंडळांना जोडणाऱ्या संस्थेचा नमुना वापरतात: ४६ तासांचं प्रशिक्षण, त्यातले १६ तास नुसत्या नीतिनियमांचे, मग ५०० तासांचं प्रत्यक्ष काम, त्यात २५ तास देखरेखीखाली, आणि शेवटी परीक्षा. शिक्षण बारावीपर्यंतचं पुरतं. पण तुम्ही त्या राज्यात राहत किंवा काम करत असावं लागतं, म्हणूनच नाशकात बसून घेतलेला तो ‘आंतरराष्ट्रीय’ कागद इथे कुणी विचारणार नाही. जवळच्या कनेक्टिकटमध्ये सीसीएआर नावाची संस्था १९९८ पासून आहे. तिचा रिकव्हरी कोचचा पाच दिवसांचा, ३० तासांचा वर्ग इथे बऱ्याच जणांनी केलेला असतो. मीही केला, आणि मला तो फार उपयोगी पडला.

५०० तासांबाबत सांभाळा. एच-४ वर खरीखुरी स्वयंसेवा चालते, पण एखादी जागा एरवी पगारी असेल आणि तुम्ही ती फुकट भरली, तर ते विनापरवाना काम समजलं जाऊ शकतं. ‘व्हॉलंटियर म्हणून या, तास लिहून देतो’ असं कुणी सहज म्हणेल. त्याला वाईट हेतू नसतो, त्याला व्हिसा माहीत नसतो. ईएडी येईपर्यंत वर्ग पूर्ण करा आणि तास नंतर मोजायला घ्या.

तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल? मला गेलं ते उपदेश सोडणं. आपल्या केंद्रात समुपदेशक बोलतो आणि समोरचा ऐकतो. आई-बाबा बाजूला बसलेले असतात, आपण त्यांच्या वतीनेही बोलतो. इथे कोचला निदान करायचं नाही, उपचार ठरवायचा नाही, घरच्यांना परस्पर काही सांगायचं नाही. मी २०१८ मध्ये एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत लागलो. न्यू जर्सीत ओव्हरडोसमधून वाचलेल्या माणसाला तिथेच खाटेपाशी भेटायला रिकव्हरी स्पेशालिस्ट जातो, असा राज्याचा कार्यक्रम आहे, त्यातलं ते काम. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाशी मी वीस मिनिटं मनापासून बोललो. बाहेर आल्यावर सुपरवायझर बाईंनी एवढंच विचारलं, ‘तो किती बोलला?’ मला सांगता आलं नाही.

नंतरचा एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असं सगळं काढून. रात्री दोनला फोन आला. नालोक्सोनचा स्प्रे मारून शुद्धीवर आणलेला माणूस. नालोक्सोन जीव वाचवतं, पण ओपिऑइडचा, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेचा, असर एका झटक्यात काढून घेतं, त्यामुळे माणूस थरथरत आणि संतापलेला असतो. मी दारातून म्हणालो, ‘मी डॉक्टर नाही, पोलीस नाही. मीही यातून गेलोय. ब्लँकेट आणू?’ त्याने ब्लँकेट घेतलं आणि मला जायला सांगितलं. मी नंबर ठेवून निघालो. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, उपचाराबद्दल नव्हे, ओळखपत्र हरवलंय म्हणून. मोटर व्हेईकलच्या ऑफिसात रांगेत दोन तास आम्ही शेजारी उभे होतो. त्या रांगेत तो पहिल्यांदा बोलला. या नोकरीचा मोठा भाग हा असा आहे: ओळखपत्र, कोर्टाची तारीख, भाड्याची खोली, डिटॉक्समध्ये खाट रिकामी आहे का म्हणून दहा फोन. गाडी चालवता येणं म्हणून अटीतच असतं, न्यू जर्सीचं लायसन्स पहिल्या काही महिन्यांत काढा.

औषधांबद्दलही मन तयार ठेवा. आपल्याकडे बऱ्याच केंद्रांत ‘गोळी घेतोय म्हणजे नशाच चालू आहे’ असं म्हणतात, मीही म्हणायचो. इथे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडचं व्यसन सोडवण्याची औषधं, घेणारा माणूस रिकव्हरीत आहे असंच धरून चालायचं. बाजारात फेंटानिल हे अतिशय तीव्र ओपिऑइड इतकं पसरलंय की औषध सोडून पुन्हा एकदा वापरलं तरी माणूस जातो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ज्यांच्याबरोबर चाललो त्यातले काही आज नाहीत, आणि त्यातल्या एकाला मी स्वतः औषध ‘लवकर सोड’ असं सुचवलं नव्हतं ना, हे आठवून पाहण्यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे. सुचवलं नव्हतं. तरी ती रात्र गेलीच. अशा वेळी सुपरवायझर आणि स्वतःची मीटिंग दोन्ही लागतात. नोकरी म्हणजे मीटिंग नव्हे, आणि तुमचा पेशंट तुमचा स्पॉन्सी, म्हणजे एए मध्ये तुम्ही वाट दाखवता तो माणूस, नव्हे. एए मध्ये तुम्ही फुकट आणि बरोबरीने बसता, तिथे पगारी कोचची टोपी घालून जाऊ नका.

गुप्ततेचा कायदा इथे कडक आहे. व्यसनाच्या उपचाराच्या नोंदींना ४२ सीएफआर पार्ट २ हा वेगळा केंद्रीय नियम लागू होतो. पण आपल्या लोकांत खरी परीक्षा गणपतीत होते. एकदा आरतीच्या गर्दीत समोर असा माणूस उभा होता ज्याला मी चार दिवसांपूर्वी खाटेवर पाहिलं होतं. शेजारी त्याची आई. मी ओळख दाखवली नाही, प्रसादाची वाटी पुढे केली. नंतर त्याच काकूंनी विचारलं, ‘तुम्ही हॉस्पिटलात काय करता?’ ‘पेशंटना मदत,’ म्हणालो. नंतर एका रात्री त्याने फोन केला तो त्या वाटीमुळे, असं त्यानेच मला सांगितलं.

पगाराबद्दल सरळ सांगतो. मी तासाला १७ डॉलरवर लागलो. आयटीतल्या जोडीदाराच्या पगारावर घर चालत असेल तरच सुरुवातीची वर्षं निभतात. पुढे समुपदेशकाचा परवाना, म्हणजे एलसीएडीसी हवा असेल तर मास्टर्स करावं लागतं. तो रस्ता खर्चाचा आणि लांबचा आहे. त्याचा निर्णय इथे वर्षभर राहून घ्या.

येताना नाशिकच्या केंद्राकडून लेटरहेडवर पत्र आणा: कोणत्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, कोणतं काम, देखरेख कोणाची. मंडळ ते तास धरेलच असं नाही, पण नोकरी देणारे वाचतात. कुठलं औषध चालू असेल तर त्याची प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत घ्या.

आणि गावाचं नाव ठरलं की मला कळवा. एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन, कुठेही असो. पहिल्या मीटिंगला मी न्यायला येतो. तुम्ही फक्त सहाला खाली येऊन थांबा, आणि जॅकेट जाड घाला.